खंडेनवमीला पूजलेले गिटारचे यंत्र

शालिग्राम, आशीर्वाद आहेच. पुढचे शांतपणे वाच.

मी तुझ्या प्रतीक्षाला घेऊन देवळात गेलो आहे. तुझी भाकरी झाकलेली आहे. तिच्या गिटारला नाना स्पीकरांचे आवाज देणारे ते नवे डिजिटल यंत्र तू आज चिखलीच्या दुकानात परत न्यायला शोधशील. ते देवघरात आहे. आज खंडेनवमी, विळा आणि फवारणीच्या पंपासोबत मी त्याचीही पूजा केली आहे. पूजलेले साधन उत्तरपूजेपूर्वी हलवू नये, हे तुला मीच शिकवले.

"बोंडअळीनं कपाशी खाल्ली, अन् घरात हे काऊन वाजून राह्यलं, आबा?" असे तू काल विचारलेस. आरंभी मलाही तो गोंगाटच वाटला. मी एक बटण पूर्ण फिरवले, तर भिंतीवरचे घड्याळ थरथरले. तुझी लेक हसत म्हणाली, "आबा, तिखट हाय ते, चिमूटभरच टाका!" चिमूटभर ठेवताच प्रत्येक तार वेदपाठातील स्वरासारखी स्वच्छ उमटली. कपाशी गेल्यापासून या घरात मी ऐकलेले ते पहिले हसू.

उद्या दसऱ्याला उत्तरपूजा मीच करणार, आणि मला मुळीच घाई नाही.

— आबा