मुद्देमालातील जिवंत मुळांचे पाणी बदलू देण्याबाबत

प्रति,
मेहेरबान अबकारी सुपरिंटेंडेंट साहेब,
खाडीपट्टा विभाग, यांचे सेवेशी

अर्जदार : दत्तात्रेय येसाजी थेरोंडकर, शास्त्र विषयाचे शिक्षक, राहणार रेवदंडा

विषय : आगरनाका चौकीत जप्त असलेल्या काचेच्या चंबूंतील मुळांना, ती मरण्यापूर्वी, नवे पाणी मिळण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कचेरीचे उत्तर, "मुद्देमाल सुनावणीपर्यंत आहे त्या स्थितीत ठेवावा."

महोदय,

१. अर्जदाराची पत्नी केसर हिला वेडाचे झटके येतात. झटका आला की ती समुद्राकडे धावत सुटते आणि पाणी गळ्याशी आले तरी थांबत नाही. चौलच्या एका वैद्यांनी सर्पगंधेच्या मुळाचे चूर्ण सुरू केले, तेव्हापासून घराला झोप मिळाली. केसर पुन्हा कोळणींशी मासळीच्या भावावरून हुज्जत घालू लागली. ती हुज्जत ओटीवर बसून ऐकताना अर्जदारास किती बरे वाटे, हे सरकारी कागदावर लिहिण्यासारखे नाही.

२. पुढे या मुळीला शहरात मागणी आली आणि व्यापाऱ्यांच्या माणसांनी आसपासचे डोंगर खणून नेले. नवे रोप लावावे, तर त्याचे मूळ औषधाजोगे व्हायला वर्षे जातात. अर्जदार पूर्वी मुंबईस एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. तेथे आलेल्या परदेशी मासिकात त्याने वाचले होते की, मुळाचे कोवळे टोक कापून, उकळून शुद्ध केलेल्या पाण्यात थोडी साखर, क्षार व खमिराचा अर्क घालून ठेवल्यास ते खोडापानांवाचून वाढत राहते. मात्र ठरावीक काळाने टोक कापून नव्या पाण्यात हलवावे लागते, आणि बाहेरचे वारे लागले की बुरशी धरते. अर्जदाराचे प्रयोग पुष्कळदा फसले. अखेर चंबूत दोऱ्यासारखी पांढरी मुळे पसरली. त्यांतले एक वाळवून जिभेवर ठेवले, तर ते रानातल्या मुळाइतकेच कडू लागले. त्या दिवशी अर्जदाराने वर्गात काय शिकवले ते त्यास आठवत नाही.

३. गावातील पाववाले रशीदभाई खमीर देत. ते एकदा भर दुकानात म्हणाले, "काय मास्तर, पाव बाटलीत भाजता काय?" सगळे हसले, अर्जदारही हसला. ही थट्टा गावभर फिरून चौकीत पोहोचली, तोवर तिच्यात थट्टा उरली नव्हती. साखर, खमीर, उकळण्याचे तांब्याचे भांडे आणि कापसाचे बोळे घातलेले चंबू ही कागदावर दारू गाळण्याचीच सामग्री दिसते, हे अर्जदार नाकारीत नाही. जप्तीस घरी आलेल्या इन्स्पेक्टर साहेबांनी विचारले, "मूळ आहे म्हणता, मग झाड कुठं आहे?" झाड नाही असे सांगताच ते पंचांकडे वळून म्हणाले, "ऐका! पोरांना हेच शिकवतात." पंचनाम्यात मुळांची नोंद 'दोऱ्यासारखा गाळ' अशी झाली.

४. हा गाळ नसून वनस्पती आहे असा दाखला आणावा, असे आपल्या कचेरीने सांगितले. शेतकी खात्याने कळविले की, ज्यास जमीन, खोड व पान नाही त्यास पीक म्हणता येत नाही. जंगल खात्याने मात्र ती सर्पगंधा असल्याचे तत्काळ मान्य केले आणि परवाना मागितला. अर्जदाराजवळ एक रोप आणण्याचा परवाना होता. एका रोपाला इतकी मुळे नसतात, बाकीची कोठून आणली, असे विचारण्यात आले. "वाढली," असे अर्जदाराने सांगितले. त्यावर उत्तर मिळाले, "परवाना आणलेल्या मालाचा असतो, वाढलेल्या मालाचा नसतो." तेव्हा अर्जदार एका खात्यात दारू गाळणारा आणि दुसऱ्या खात्यात चोर ठरला. दाखला कोणीच दिला नाही.

५. चौकीचे जमादार काळूराम यांच्याविरुद्ध अर्जदाराची तक्रार नाही, हे कृपा करून नमूद व्हावे. ते मूळचे शेतकरी घरचे. बंद काचेत ठेवलेला जीव त्यांना पाहवला नाही. रोज आंघोळ करून तुळशीला पाणी घातले की, त्याच तांब्यातले उरलेले पाणी ते बोळे काढून चंबूंत घालीत. अर्जदार चौकशीस गेला तेव्हा त्यांनी मोठ्या समाधानाने सांगितले, "काळजी करू नका, मास्तर. तुळशीचंच पानी घातलंय. तहानलेला जीव हाय, त्याला कायदा काय कळतो?" चंबूंत करडी बुरशी आली होती. अर्जदाराने त्यांना काय झाले ते समजावून सांगितले. जमादार खाली बसले. एक चंबू फळीच्या मागे राहिला होता म्हणून वाचला.

६. अर्जदाराने गुन्हा नाकारला तर मुद्देमाल सुनावणीपर्यंत अडकतो, आणि सुनावणी दिवाळीनंतर आहे. कबूल केला तर मुद्देमाल नियमाप्रमाणे फोडून टाकतात. वकिलांना तिसरी वाट विचारली, तर ते म्हणाले, "मास्तर, कोर्टाला थांबता येतं, तुमच्या मुळाला येत नाही, त्याला मी काय करू?" मूळ आहे त्या स्थितीत राहत नाही. ते वाढते, नाहीतर मरते. घरातील चूर्ण संपत आले आहे.

७. सबब विनंती की, उरलेल्या एका चंबूतील मुळाचे नखाएवढे टोक आपल्या माणसांसमक्ष कापून नव्या पाण्यात ठेवू द्यावे. नवा चंबूही चौकीतच राहील. अर्जदार तेथे अटकेतील माणसाप्रमाणे बसण्यास तयार आहे. पाण्याबद्दल संशय असल्यास ते आधी अर्जदारास पाजून पाहावे.

कळावे. उत्तर नकाराचे असले तरी ते लवकर यावे, इतकीच आशा बाळगणारा,

आपला नम्र,
द. ये. थेरोंडकर
रेवदंडा, ता. १९ ऑगस्ट १९३७

ता. क. : अर्ज टपालात टाकण्यास अर्जदार निघाला असता जमादार काळूराम स्वतः अंगणात आले. डोक्यावर पगडी नव्हती. "शेवटचं पन काळं पडलं, मास्तर. या खेपेला मी हात नव्हता लावला, आईशप्पथ." त्यांचे म्हणणे खरे आहे. पाणी जुने झाले होते. हे बोलणे केसरने आतून ऐकले. आज ती शुद्धीवर आहे. ती म्हणाली, "मला आता बाहेरनं कुलूप घालत जा. दोरीनं नका बांधू, हाताला वळ उठतात."

तरी कलम ७ मधील विनंती रद्द समजावी. जप्तीच्या दिवशी आपल्या शिपायांजवळ कुलूप नव्हते, म्हणून अर्जदाराच्या घरचे कुलूप प्रयोगाच्या खोलीस लावून त्यावर मोहोर केली आहे. ते परत मिळावे. खोली उघडी राहिली तरी हरकत नाही.