दोरीवर राहिलेली फुली

प्रिय अहो,

बारा वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय, कारण उद्या आपली मुग्धा हेलिकॉप्टरने वाळवंटात मोजणीला चाललीय. तुम्ही गेल्यावर शाळेत शिकवून मी तिला इथेच वाढवली आणि ती तुमच्यासारखीच सर्व्हेअर झाली हो!

ती पांढरी फुली आठवते? इथे आखातात, करामाच्या याच घरात मी मशीनवर शिवली होती. मांजरपाटाचे दोन लांब पट्टे, आडवा आणि उभा. टोकांना खिसे, वाळू भरून दाबायला. "वसू, हेलिकॉप्टर मला सोडून जातं ना, परत येताना पायलटला मी नाही दिसत, तुझी फुली दिसते," म्हणायचात.

तिच्यातली वाळू माझ्या कपड्यांत सांडायची. "तुमचं वाळवंट माझ्या कपाटात नको!" म्हणत मी ती धुऊन टाकली. तुम्ही नुसते हसलात. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची बॅग मीच भरली.

एकदा तरी उघडून बघायची होतीत! इतका कसला विश्वास?

दहा वाजता कपडे काढायला बाल्कनीत गेले, तर फुली दोरीवर. फोनपर्यंत गेले. मग वाटलं, बायकोचा फोन आला म्हणून ऑफिसात तुमचं हसं होईल. एक दिवस चालेल. घडी करून ठेवली.

दुपारी वारा सुटला. हेलिकॉप्टर तीनदा रिकामं परतलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही सापडलात, सोडलेल्या जागेपासून कितीतरी लांब. का चालत सुटलात हो? पाणी संपलं होतं का? माझी वाट पाहिलीत का?

"भाभी, उस धूल में कुछ नहीं दिखता था," पायलट दारात रडत म्हणाला. ऑफिसने विचारलं, कपडा बॅगेत होता? मी "होता" म्हणाले. मग उडाला असेल, असं ठरलं. मुग्धालाही तेच सांगितलं.

मघाशी न राहवून ती फुली तिच्यापुढे ठेवली.

"आई, प्लीज! वी हॅव जीपीएस. सॅटेलाइट फोन पण आहे." मग फुलीचे खिसे चाचपत एकदम थांबली. "वेट. ही तर उडाली होती ना?"

मी चहाचं निमित्त करून उठले. ती बाहेर बसलीय, फुली मांडीवर घेऊन.

अहो, तिची बॅग मी भरणार नाही. हा कागद मिटला की बाहेर जाईन आणि दोरीपासून फोनपर्यंत सगळं सांगेन. त्यानंतर तिने मला आई म्हटलं नाही, तरी सांगेन.

तुमची,
वसू