मुळाशी साम्य, दहापैकी

२ फेब्रुवारी, सोमवार. संध्या. ७.१०
ही वही फक्त चाचणीच्या नोंदींसाठी. भावनिक मजकूर लिहायचा नाही.

वस्तू: धाकट्या भावाचा गिटारचा ॲम्प. जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालतो. मागे तीन लहान, दोन मोठे. मोठे ते पॉवर व्हॉल्व्ह. तेच गेलेत. गेल्या महिन्यात पुतणीने बटण दाबलं तेव्हा त्यातला एक लालबुंद झाला आणि फट्‌ करून विझला.

धाकटा जाऊन चार महिने झाले. (ही माहिती आहे, भावना नव्हे.)

रेडिओ दुरुस्तीवाला येऊन पाहून गेला. म्हणाला, साहेब, बाकी ॲम्प ठणठणीत आहे, ही जोडी तेवढी बदला. कुठल्या कंपनीची, ते काचेवरून पुसलं गेलंय. म्हणून चार कंपन्यांच्या चार जोड्या देऊन गेला. चारही बसतात, आतून काही फिरवावं लागत नाही, काढायची आणि घालायची. मात्र प्रत्येकीचा आवाज वेगळा. जुना आवाज ज्याने ऐकलाय त्याने ठरवावं, म्हणाला.

पुतणीला घरात बारकी म्हणतात. वय तेवीस, माझ्यापेक्षा चार बोटं उंच. लहानपणापासून आईबरोबर दुसऱ्या गावी. वडिलांचं वाजवणं तिने ऐकलं ते फोनवर. तीही वाजवते. २२ तारखेला, रविवारी, ॲम्प न्यायला येणार. तिला बाबांचा आवाज हवाय, तोच, जसाच्या तसा. मी म्हणालो, काळजी सोड. वीस वर्षं तो वरच्या मजल्यावर आणि मी खाली. त्याला माझ्याइतकं कोणी ऐकलेलं नाही.

वजनंमापं तपासण्याच्या खात्यात माझी एकतीस वर्षं झाली. चारातली एक जोडी ओळखणं म्हणजे डाव्या हाताचा मळ. १५ तारखेला निकाल. पुढचा आठवडा राखीव.

३ फेब्रुवारी, मंगळवार. संध्या. ६.४०
वरच्या खोलीत बसलो. रकाने आखले: तेज, खर्ज, वरचे सूर, मुळाशी साम्य. प्रत्येकी दहापैकी.

मला गिटार येत नाही. चाचणीला यायची गरजही नाही. सहाही तारा वरून खाली छेडायच्या, दर मिनिटाला एकदा. गिटारचा पट्टा धाकट्याच्या मापाचा, मला गिटार गुडघ्यावर येते. पट्टा आखूड केला नाही. मापाशी छेडछाड नको.

आवाजाचं बटण एकवर. ते दहापर्यंत जातं, पण शेजार आहे.

जोडी १. मुळाशी साम्य: साडेसहा.

व्हॉल्व्ह लगेच काढायला गेलो. दोन बोटं पोळली. उद्यापासून थंड होईपर्यंत अर्धा तास थांबायचं.

५ फेब्रुवारी, गुरुवार
जोडी २. साडेसहा.
जोडी ३. साडेसहा.
सगळीकडे साडेसहा म्हटल्यावर कुणालाही वाटेल की काम उरकून टाकलं. तीनचे पावणेसात केले. तीनमध्ये काहीतरी आहे.

हिने जिन्यातून विचारलं, काय हो, वर नक्की चाललंय काय, टिंग करता आणि मिनिटभर गप्प, मला वाटलं दारावरची बेल बिघडली. मी म्हणालो, तुलना. ही म्हणाली, कशाशी?

मी पुढचं मिनिट मोजायला घेतलं.

७ फेब्रुवारी, शनिवार
दुरुस्तीवाला डोकावून गेला. बटण एकवर पाहून त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, साहेब, हत्तीला बशीतून पाणी पाजताय. पॉवर व्हॉल्व्ह दमल्याशिवाय बोलत नाहीत. बटण निम्म्याच्या वर न्या, खिडकीची काच थरथरू द्या, मग चारही जोड्या आपापली जात दाखवतील. एकवर सगळ्या बहिणी सारख्याच.

मी म्हणालो, काही फरक जाणकार कानालाच कळतात. त्याने रकाने वाचले. पावणेसातवर बोट ठेवून म्हणाला, हे पाव कुठून आले हो?

माणूस कुशल आहे, पण शिस्त नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
जोडी ४, बटण एकवर. साडेसहा. काढली नाही, दमलो होतो. तशीच राहू दे.

१० फेब्रुवारी, मंगळवार. रात्री जेवणानंतर
बारकीचा फोन. मोठेकाका, कुठली जोडी बाबांसारखी वाटते? मी म्हणालो, काम प्रगतिपथावर आहे. ती हसली. मग म्हणाली, तुम्ही आहात म्हणून बरं आहे, दुसरं कुणी सांगूच शकणार नाही. माझ्याकडे त्यांची एकच क्लिप आहे, हॉटेलातली, तीत कपबशाच जास्त ऐकू येतात. आणि त्या दिवशी तुम्हीच म्हणालात ना, मी त्याचा पहिला श्रोता.

हो, म्हणालो होतो. धाकटा ज्या हॉटेलात संध्याकाळी वाजवायचा तिथल्यांनी शोकसभा ठेवली होती. दोन शब्द बोला म्हणाले. चारचौघांत मी बोलत नाही. त्या दिवशी उभा राहिलो आणि तोंडातून ते वाक्य निघालं. लोकांनी माना डोलावल्या. बारकी पहिल्या रांगेत रडायला लागली. वाक्य मागे घ्यायची सोय नव्हती.

शिवाय ते खोटं नाही. वीस वर्षं खाली होतो.

ही जेवायला वाढताना म्हणाली, या, पहिले श्रोते. भावोजींना जिन्यातून बंद कर ते म्हणून ओरडणारे दुसरेच कुणी होते वाटतं.

ओरडायलासुद्धा आधी ऐकावं लागतं. हे तिला सांगितलं नाही. इथे नोंदवतो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्या. ६.३०
निश्चय: आज बटण पाचवर.
६.४१: दोन.
६.४४: तीन. भिंतीवरची तसबीर हलल्यासारखी वाटली. घर जुनं आहे, गिलाव्याचा विचार करायला हवा.
६.४५: एक.
यावरून एवढं सिद्ध झालं की तीन हा आकडा या खोलीला जास्त आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार. हे सगळं दुपारी झालं, लिहितोय आता, सहा वाजता
निकालाचा दिवस. निकाल आठवडाभर पुढे ढकलला आहे. कारणं खालीलप्रमाणे.

दुपारी तीनला वर गेलो. वारा होता म्हणून दार लोटून घेतलं. आजवर उघडंच ठेवत होतो. काम करायला बसलो आणि पहिल्यांदाच दाराची आतली बाजू दिसली. वरपासून खालपर्यंत गोधडी ठोकलेली. खिळे जवळजवळ, नीट ओळीत. धाकट्याच्या हातून सरळ ओळ कधी आली नाही, ही आली होती. खिडकीच्या फटींत स्पंज. जमिनीवर सतरंजी, सतरंजीखाली आणखी एक सतरंजी. इतके दिवस मला वाटत होतं, पसारा आहे.

बाहेर जावंसं वाटलं. दार उघडेना. लाकूड फुगलं होतं. ओढलं, ठोकलं, पट्टीने रेटलं. हिला हाक मारली. पाच हाका मारल्या. माझी हाक गोधडीत जाऊन बसत होती. खाली ही रेडिओ लावून शेंगा सोलत असणार. फोनही खालीच.

तीन चाळीसपर्यंत वाट पाहिली. धाकटा या खोलीत रोज असा बसत असेल. दार लावून, फटी बुजवून. खालून मी तरीही ओरडायचोच.

मग दुसरा इलाज उरला नाही. ॲम्प चालू केला. जोडी ४ आत होतीच. बटण आठवर. तारा छेडल्या.

काय झालं ते रकान्यांत बसत नाही. पोटात आधी ऐकू आलं, कानात नंतर. काच थरथरली. पुन्हा छेडल्या. जोरात. मग दर मिनिटाला वगैरे सोडून दिलं, हात दुखेपर्यंत छेडत राहिलो. कुणी येईना.

पाच वाजता ही आली. बाहेरून खांदा लावून दार ढकललं आणि चहा पुढे केला. म्हणाली, अहो, किती दिवसांनी घराला घरपण आलं. म्हटलं लागलाय हात, मध्येच उठवू नये. मी म्हणालो, मी अडकलो होतो. ही जिन्यात बसून पदर तोंडात धरून हसली. मग गोधडीकडे नजर गेली तशी पदर खाली आला.

म्हणाली, माझीच आहे. नऊ वर्षं झाली. भावोजी म्हणाले, वहिनी, एखादी जाड गोधडी द्या, दादाला झोप लागत नाही.

ही बाब चाचणीशी संबंधित नाही.

जोडी ४, बटण आठ. मुळाशी साम्य: (आकडा सुचत नाही. कान बधिर.)

१७ फेब्रुवारी, मंगळवार
ऑफिसात एका दुकानदाराचा दोन किलोचा तराजू तपासायला आला होता. आमचं प्रमाण वजन कपाटात कुलुपात असतं. किल्ली साहेबांकडे, साहेब रजेवर. दुकानदार म्हणाला, हातात धरून सांगा की, एवढी वर्षं करताय. मी त्याला सुनावलं, मूळ समोर नसताना कुणी ‘बरोबर’ म्हणत असेल तर तो लबाड.

दुपारी डबा खाल्ला नाही. ॲसिडिटी असावी.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. संध्या. ७.३०
निश्चय: बारकीला फोन करून खरं ते सांगायचं. धाकट्याच्या खोलीत बसून मी त्याला एकदाही ऐकलेलं नाही. हॉटेलातही गेलो नाही. तो दोनदा बोलवायला आला होता. एकदा ऑडिट होतं. दुसऱ्यांदा काय होतं ते आठवत नाही.

वाक्य कागदावर लिहून घेतलं.

७.४०: फोन केला. ती लगेच म्हणाली, ठरलं? मी म्हणालो, तीन. जोडी तीन. ती म्हणाली, नक्की? मी म्हणालो, तीनमध्ये ऊब आहे. (हा शब्द त्या जोडीच्या खोक्यावर छापलेला आहे.) ती थँक्यू म्हणाली, दोनदा.

अशा बातम्या समोरासमोर द्याव्यात, फोनवर नाही. रविवारी सांगेन.

२१ फेब्रुवारी, शनिवार
जोडी ३ बसवली. काचा मऊ फडक्याने पुसल्या. प्रमाणपत्र टाइप केलं, खाली सही. मुळाशी साम्य: दहापैकी साडेनऊ. पूर्ण दहा दिले की संशय येतो.

खरं म्हणजे तीन चूक आहे असं तरी कोण सांगणार? असा विचार आला. आल्याचीच नोंद करतो.

२२ फेब्रुवारी, रविवार. संध्या. ७.४५
बारकी सकाळी दहाला आली. पाठीवर गिटार, हातात डब्याएवढं काहीतरी. मी प्रमाणपत्र दिलं. तिने वाचलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं. मला पाहवलं नाही.

म्हणाली, वर चला. मी म्हणालो, तू हो पुढे, मी खालून ऐकतो. माझी जागा खालीच. त्यात खोटं काही नव्हतं. पलंगावर आडवा झालो.

दहा मिनिटांनी तिने वाजवायला सुरुवात केली.

पंखा हलला नव्हता, तरी हलल्यासारखं वाटलं. तेच होतं. छतातून झिरपत येणारं, कडा गेलेलं, एकेक सूर जरा उशिरा सोडणारं. वीस वर्षं रोज संध्याकाळी हेच डोक्यावर यायचं. उठून जिना चढलो, एका दमात. दारात उभा राहून म्हणालो, तीन! तीनच! साडेनऊ नाही, दहा!

बारकीने वर पाहिलं. म्हणाली, मोठेकाका, बाबांचा ॲम्प अजून लावलाच नाहीये. ॲम्पची पिन खाली लोंबत होती. बारकीच्या गिटारची वायर त्या डब्यात गेली होती. डबा म्हणजे तिचा सरावाचा ॲम्प, हातात मावतो, ट्रान्झिस्टरवर चालतो. व्हॉल्व्ह एकही नाही.

मी सतरंजीवर बसलो. मग सांगितलं. कागदावरचं वाक्य आठवलं नाही, आपोआप आलं तसं सांगितलं. या खोलीत बसून मी त्याला कधी ऐकलं नाही. बंद कर म्हणून ओरडायला जिन्यापर्यंत यायचो, तेवढंच. ऊब खोक्यावरची आहे. पहिला श्रोता वगैरे काही नाही.

ती रागावेल असं वाटलं होतं. रागावलीच. म्हणाली, मग तुमच्याकडे बाबांचं काहीच नाही? मीही तीन आठवडे मैत्रिणींना सांगत फिरतेय, काका आहेत, काकांना माहितीये. मग खिडकीकडे तोंड करून बसली. ही चहा घेऊन आली, दोघांकडे पाहिलं, चहा ठेवून खाली गेली.

चहा निवल्यावर मी म्हणालो, तो एका जागी अडायचा.

कुठे?

झोपायच्या आधी एकच काहीतरी वाजवायचा. रोज. मधे एका जागी बोट चुकायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. मला चुकायच्या आधीच कळायचं, आता चुकणार. ते चुकेपर्यंत झोप लागायची नाही.

ती वळली. म्हणाली, गुणगुणा.

मी म्हणालो, मला गाता येत नाही. ती म्हणाली, मी कुठे गा म्हणतेय, बाबा कुठे चुकायचे ते दाखवा.

दार लावून घ्यावंसं वाटलं. पण तिने गिटार मांडीवर घेतली होती आणि ती थांबली होती. गुणगुणलो. मोठेकाका, हे काय आहे, म्हणाली, सूर धरा, पुन्हा. पुन्हा गुणगुणलो. ती तारांवर शोधत होती. नाही, इथे खाली जायचं. नाही, त्याच्याआधी एक श्वास आहे. हं. तसं नाही, अजून हळू. दुपारचं जेवण वरच झालं. तीन तास. चुकायची जागा आली तेव्हा ती बरोबर वाजवून पुढे गेली, मी हात वर करून थांबवलं. इथे चुक, म्हणालो. ती चुकली.

पाचला गाडी. मोठा ॲम्प दोघांनी मिळून रिक्षात चढवला. आत कुठली जोडी आहे ते तिने विचारलं नाही. उरलेल्या तिन्हीही एका पिशवीत घालून घेऊन गेली.

२३ फेब्रुवारी, सोमवार
घसा पूर्ण बसला आहे. एक शब्द फुटत नाही.
ऑफिसात दिवसभर कुणाच्या लक्षात आलं नाही.