प्याद्याचा वजीर

वणी, मंगळवार, १२ डिसेंबर २००६

शाळेच्या बुद्धिबळ संघाच्या निवडीसाठी मी कोडे रचले होते: तीन चालींत मात. आज ते संगणकात घातले, तर पाते लवायच्या आत त्याने दोनच चालींत मात दाखवली. प्याद्याचा वजीर करून! मला का दिसला नाही? बाबांनी शिकवलेल्या देशी डावात घोड्याच्या घरात पोचलेले प्यादे घोडाच होते. नवे नियम वीस वर्षे शिकवते आहे, तरी नजर जुनीच.

पौर्णिमाने हेच उत्तर लिहिले होते. मी शून्य दिले आणि तिचे नाव वगळून संघाची यादी काल जिल्हा स्पर्धेसाठी यवतमाळला पाठवली. दोन चालींत!

संध्याकाळी तिच्या घरी गेले. नुकतीच कापूस वेचून आली होती.

"माझंच चुकलं, पोरी. तेव्हा भांडली काहून नाहीस?"

"भांडली तं होती, बाई. तुमी म्हनलं, गुमान बस आन् पुन्हा मोज."

"मग?"

"मंग तुमच्यावानी मोजलं. तीन आल्या."

उद्या पहिल्या गाडीने यवतमाळ. यादी बदलेलही. पण बरोबर मोजणाऱ्या मुलीला मी चुकीचे मोजायला लावले, ते कसे बदलू?