सहा जहाजांची चूक

३ मार्च, सकाळी ७
नात इशिता सोळा वर्षांची. एरवी माझ्याशी "हाय आजोबा" एवढेच. पण काल तिच्या अंतराळयुद्धाच्या कादंबऱ्यांवर वीस मिनिटे बोलली! मुलाकडे परदेशी आलोय, पाच एप्रिलला पुण्याला परत. तोवर तिच्याशी बोलायची हीच वाट. मी नववीपर्यंतच शिकलो, पण खडकीला दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षे स्टोअरला होतो. युद्ध मला कोणी शिकवू नये. वाचनालयातून तिची आवडती कादंबरी आणली, खाकी कव्हर घातले.

५ मार्च
६२० पाने. इंग्रजी. माझी आवड पक्की ठरली: लढाई, रसद, जहाजे. रडारड आणि घरगुती गप्पांची पाने गाळायची. लेखकाला शिस्त नाही, त्याला मी काय करू? स्टोअरच्या पद्धतीने वही घातली. जहाजे निघाली, गेली, शिल्लक.

९ मार्च
इशिता रोज जेवणानंतर तासभर शेजारी बसते. म्हणाली, २१२ पानावर मी रडले, तुम्ही? म्हटले, आम्ही रडत नसतो. गिरीश म्हणाला, बाबा, पान उलटलं तरी तुमचं बीपी वाढतं, जपून. मुलाने बापाशी असे बोलावे?

१३ मार्च, दुपारी
सापडली! चाळीस जहाजे निघाली. एकोणीस नष्ट, पंधरा परत. सहा कुठे? वही तीनदा तपासली. लेखकाची घोडचूक. शनिवारी ल्यूकनच्या वाचनालयात इशिताचा वाचनगट. तिथेच सांगणार. तिला आधी नाही, सरप्राइज.

१५ मार्च, सायंकाळी ६
सात मिनिटे बोललो. उभा राहून, वही दाखवून. गटाच्या बाई "ग्रँड, ग्रँड" म्हणाल्या. दोन पोरींनी तोंडावर हात धरले. थक्क झाल्या असाव्यात. इशिता बुटांकडे बघत होती. घरी ॲडम्सटाउनपर्यंत बसमध्ये एक शब्द नाही. आजोबांचा अभिमान वाटत असणार.

१६ मार्च
इशिता जेवणानंतर बसली नाही. सुनेला विचारले. चैत्राली म्हणाली, बाबा, ती सहा जहाजं म्हणजेच तर पुस्तक आहे. म्हाताऱ्या ॲडमिरलने त्यातून लहान मुलं गुपचूप बाहेर काढली. कुणालाच सांगत नाही, फक्त नातीला सांगतो. २१२ पानावर. मग भांडी लावता लावता म्हणाली, इशिताने गटात सांगून ठेवलं होतं, माझे आजोबा खऱ्या कारखान्यातले आहेत, त्यांना सगळं कळतं.
म्हटले, मला ठाऊक होते. मी पोरांची परीक्षा घेत होतो.
चैत्रालीने उरलेली भांडी लावली.

१७ मार्च
आज इथल्या सणाची सुट्टी, घरात सगळे. इशिता दार लावून. गुडघा दुखतो, म्हणून वर गेलो नाही.

२० मार्च, रात्री ८
ठरवले: २१२ पान वाचायचे आणि तिच्याशी नीट बोलायचे. पुस्तक कुठेच नाही. ती वाचनालयात परत करून आली. विचारले, पुढचा भाग आणू या का दोघे? म्हणाली, "इट्स ग्रँड, आजोबा." इथे याचा अर्थ, राहू दे. आणि जिना चढून गेली.
टेबलावर माझे कव्हर, नीट घडी घालून.
वहीत नोंद केली. खाकी कव्हर, एक नग, परत जमा.