पिवळ्या रेषेवरचा कोहळा

८ सप्टेंबर २०१९, रविवार
रायफल क्लबाचा मेंबर झालो. इथे म्हैसुरात, बन्नीमंटपाच्या मागच्या गल्लीत पत्र्याची लांब शेड आहे. एअर रायफल, समोर कागदी कार्ड, त्यात छर्रे मारायचे. मे महिन्यात वीज ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाल्यापासून बायकोचं, अनुसूयेचं, एकच टुमणं, दिवसभर माझ्यामागे स्वयंपाकघरात फिरू नका. मी फिरत नव्हतो. सुपरव्हिजन करत होतो. तरी बरंच झालं. आम्ही भावसार क्षत्रिय. पूर्वजांनी कापडं रंगवली ती पोटासाठी. मूळ रक्त काही कुठे जात नाही.

पहिल्याच दिवशी लक्षात आलं, इथे कुणाला शिस्त म्हणून नाही. क्लबचे सेक्रेटरी शेषगिरी सर खुर्चीत बसून शिट्टी वाजवतात. शिट्टी झाली की सगळ्यांनी रायफली खाली ठेवायच्या, मगच पिवळी रेषा ओलांडून कार्डं आणायची. सर म्हणाले, गुडघे गेले, दसऱ्यानंतर ही शिट्टी एखाद्या जबाबदार माणसाच्या गळ्यात घालणार. म्हणताना माझ्याकडे बघत होते. बाकीचेही तिथेच उभे होते म्हणा.

ती शिट्टी मला पाहिजे. इतकी पाहिजे की प्रमोशनसुद्धा एवढं पाहिजे नव्हतं.

१० सप्टेंबर, मंगळवार
कॉलेजच्या दोन पोरी रायफल गालाला लावून सेल्फी काढत होत्या. तोंड वेडंवाकडं, बोट ट्रिगरवर. हे काय फॅन्सी ड्रेस आहे? ताबडतोब समजावायला गेलो. त्या पलीकडच्या टोकाला, त्यामुळे रेषेच्या पुढून गेलो, जवळ पडतं. लगेच शेषगिरी सरांची शिट्टी. तीनदा. पोरींना चांगला वचक बसला असणार.

शेजारच्या लेनमधला वेंकटरमण उगाच ओरडला, अहो, मी गोळी मारत होतो ना! बँकेत आहे. आवाज चढवायची सवय काउंटरवरची.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
आजचा विषय मोबाईल. रेंजमध्ये फोन सायलेंट ठेवावा, हा नियम मी सर्वांना मोठ्याने वाचून दाखवत होतो. फोनवरच उतरवून घेतला होता. मध्येच फोन वाजला. अनुसूया. येताना कोथिंबीर आणा. गोळ्यांच्या आवाजात तिला ऐकू येईना, म्हणून सगळ्यांना जरा थांबायची विनंती केली. दोघे थांबले नाहीत. याला म्हणतात सिव्हिक सेन्स!

कोथिंबीर विसरलो. डोक्यात शिस्तीचे विचार असले की असं होतं.

१७ सप्टेंबर, मंगळवार
चष्मा घरी राहिला. काही अडलं नाही, नेम हा मनाने धरायचा असतो. माझं कार्ड अगदी कोरं करकरीत. सेफ शूटिंग.

वेंकटरमणची मात्र लबाडी पकडली. मोजून दहा छर्रे मारले आणि कार्डावर भोकं सतरा! खेळातसुद्धा अप्रामाणिकपणा. शेषगिरी सरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, साकु, गोपाळराव, साकु. म्हणजे पुरे. त्यांनाही त्या माणसाचा वीट आलेला दिसतो.

२२ सप्टेंबर, रविवार
अनुसूयेकडून लाल जॅकेट शिवून घेतलं. पाठीवर पांढऱ्या अक्षरांत SAFETY. शिट्टी मिळाल्यावर धावपळ नको. तिने विचारलं, अजून नेमलं कुठे तुम्हाला? म्हटलं, शिवण तुझं खातं, नेमणूक माझं. मग म्हणाली, माप नीट द्या, पोट आत घेऊन देऊ नका. मी घेतलं नव्हतं. माझी ठेवणच तशी आहे.

आता जॅकेट पोटावर जरा अडतं. धागा आखडला असेल.

२९ सप्टेंबर, रविवार
नवरात्राचा पहिला दिवस, म्हणून नवीन मेंबरांना माझ्याकडून एक छोटं भाषण. विषय: रायफलचं तोंड कधीही माणसाकडे वळवू नये. नुसतं बोलून लोकांच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून रायफल हातात घेऊन सगळ्यांकडे तोंड करून समजावलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे, कुणी सुटायला नको. काय परिणाम! सगळे एकदम जमिनीवर आडवे. वेंकटरमण तर बाकाखाली. विषय एवढा मनावर घेतील असं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात दारातून आवाज आला, अहो, ठेवा ते खाली, आत्ताच्या आत्ता! अनुसूया. विसरलेला चष्मा घेऊन स्कूटरवरून आली होती. मी ठेवली. चारचौघांत नवराबायकोची बाचाबाची बरी दिसत नाही.

शेषगिरी सर उठून तिच्यापाशी गेले, नाव विचारलं, बसायला खुर्ची दिली, कॉफी मागवली. मला अजून एकदाही कॉफी मिळालेली नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार
अनुसूया चार दिवस धड बोलत नव्हती. आज वाढताना बोलली. म्हणाली, दारात पाय ठेवला तेव्हा त्या नळीचं तोंड माझ्याकडे होतं, अजून डोळे मिटले की तेच दिसतं. मी समजावलं की तांत्रिकदृष्ट्या ते चौकटीकडे होतं. आणि रायफल भरलेली नव्हती, बहुधा.

बहुधा म्हणायला नको होतं. ती ताट तसंच टाकून उठली. मला खरंच वाईट वाटलं. पण बायकांना वेपन्सची माहिती नसते, त्याला मी काय करणार.

६ ऑक्टोबर, रविवार
उद्या आयुधपूजा. शेषगिरी सरांनी जाहीर केलं की उद्या शूटिंग बंद, सगळ्यांनी दहाला या, फूल वाहून कापूर लावू, झालं. एवढंच? वर्षभर रायफली राबतात आणि एक फूल? आपल्या सरस्वतीपुरमात भाजीवालासुद्धा आपल्या काट्याला हार घालतो, रिक्षावाला कोहळा फोडतो. जबाबदार माणूस कसा असतो ते दाखवायची वेळ आली आहे. शेवंती, हळद-कुंकू, गंध आणि एक थोरला कोहळा घेऊन आलो.

अनुसूया म्हणाली, त्यांना विचारलंत का? सरप्राइज विचारून देतात का?

७ ऑक्टोबर, सोमवार, संध्याकाळी
सकाळी नऊलाच गेलो. झाडणाऱ्या बाईने कुलूप उघडलं. सगळ्या रायफली ओळीने मांडल्या. प्रत्येकीच्या नळीला गंधाचे ओले पट्टे, नेम धरायच्या भोकात कुंकू, आणि फुलं घसरून पडतात म्हणून शेवंतीचे देठ नळीत पक्के खोचले. वा! डोळे भरून आले. मग कोहळा कापून आत कुंकू भरलं, आणि रेंजवरची सर्वांत महत्त्वाची जागा म्हणून बरोबर पिवळ्या रेषेवर आपटून फोडला.

दहाला सर आले. रायफली बघून अय्यो, अय्यो करत धावत सुटले, आणि रेषेवर कोहळ्याच्या गरावरून घसरून आडवे. घोट्याचं हाड मोडलं.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी वेंकटरमणला सौम्य शब्दांत म्हटलं, रेंजमध्ये धावू नये हा पहिला नियम, खुद्द सेक्रेटरींनीच मोडला. त्याने मला कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसायला सांगितलं. आदराने सांगितलं असं म्हणवत नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार, विजयादशमी
शेषगिरी सरांच्या घरी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं द्यायला गेलो. पाय प्लास्टरमध्ये. सगळ्या नळ्या साफ करायला बंगळूरला पाठवल्या म्हणे. विषय बदलावा म्हणून शिट्टीचं काढलं. म्हणाले, आता दुसऱ्याला द्यायलाच हवी, रविवारी देतो. मग म्हणाले, येताना मिसेसना नक्की घेऊन या.

अर्थ उघड आहे. मोठ्या सत्काराला जोडीने बोलावतात. घरी येऊन जॅकेटला इस्त्री केली.

१३ ऑक्टोबर, रविवार
लिहावं की नाही, विचार करतोय.

सर कुबडीवर आले. सगळे जमले. मी जॅकेट घालून पुढे, मान जरा वाकवूनच उभा, शिट्टी घालायला सोपं जावं म्हणून. सर म्हणाले, या शेडमध्ये आजवर एकाच माणसाने योग्य वेळी योग्य हुकूम दिला आणि तो पाळला गेला. एवढं बोलून त्यांनी शिट्टी अनुसूयेच्या हातात दिली. मला वाटलं, पत्नीच्या हस्ते द्यायची कल्पना आहे. मी मान आणखी वाकवली. तिने स्वतःच्या गळ्यात घातली.

टाळ्या. मीही वाजवल्या, मधोमध उभा होतो, दुसरं काय करणार?

सर मग म्हणाले की गोपाळरावांची मेंबरशिप आजपासून रद्द.   मी दाराकडे निघालोसुद्धा, खोटं कशाला लिहू. तेव्हा अनुसूया म्हणाली, राहू द्या त्यांना, माझ्या खुर्चीजवळच्या लेनमध्ये, डोळ्यांसमोर. घरी एकटे सोडले तर गॅसजवळ काहीतरी सुधारणा करतील. लोक हसले. मेंबरशिप राहिली.

जॅकेट मागितलं तिने. काढून दिलं. बरोबर बसलं तिला.

मग एका नव्या मुलाला नेम कसा धरायचा हे दाखवायला रायफल घेऊन वळणार, तोच शिट्टी. पाठ फिरवायच्या आतच. रायफल खाली ठेवली.

रात्री आमटी जरा खारट झाली होती. मार्गदर्शन करायला तोंड उघडणार, तोच तिचा हात गळ्याकडे गेला. शिट्टी घरी आणू नये, असा नियम ताबडतोब व्हायला हवा. अर्ज कुणाकडे करायचा म्हणून विचारलं. म्हणाली, माझ्याकडे.