पिशव्यांची राखण

पेडणे,
१८ जानेवारी

चि. सौ. गौरवी हिला आईचे अनेक आशीर्वाद.

गो बाय, तुम्ही सगळी आणि पाळण्यातली नवी पाहुणी खुशाल असाल. इथे पोदेर हल्ली पाव उशिरा आणतो, काजूला मोहोर बरा आहे. मी फोन उचलत नाही म्हणून तू रागावलीस, असं तुझा भाऊ गौरेश म्हणाला. मोपाच्या विमानतळामुळे रेंज जाते, असं मी तुला सांगितलं होतं. ते राहू दे, पुढे लिहिते.

आधी परवाची गंमत ऐक. रेल्वे, पोलीस, पुण्याकडचं कुठलंसं कॉलेज आणि परदेशातले कोणी रेल्वेवाले मिळून एक संशोधन करताहेत. बेवारस बॅग सापडली तर डबा किती लवकर रिकामा होतो, आणि कॅमेऱ्याला संशयित माणूस ओळखता येतो का, हे त्यांना बघायचंय. त्यासाठी पेडणे स्टेशनात एक रिकामा डबा उभा केला होता आणि प्रवासी म्हणून गावची माणसं बोलावली होती. शेजारच्या वत्सलाने आम्हा दोघींची नावं दिली. चहा आणि भाजी-पाव फुकट, मग कोण सोडतंय!

ओळखीच्यांनी शेजारी बसायचं नाही, असा नियम. मला जनेलाजवळची, खिडकीची जागा मिळाली. थोड्या वेळाने सगळे उठून भराभरा उतरायला लागले, सामान तिथेच टाकून. मला वाटलं, चहा आला. म्हटलं, काय मेली माणसं ही, पिशव्या उघड्यावर टाकून गेली! कोणीतरी राखण करायला नको? मी उठले, सगळ्यांच्या पिशव्या गोळा केल्या आणि माझ्या बाकड्यावर रचून बसले.

एवढ्यात एक पोलीस धावत आला आणि त्याने माझा दंड धरला. त्याचं तोंड नुसतं उघडमीट होत होतं. कॅमेऱ्याने म्हणे माझ्याभोवती लाल चौकोन काढला होता: रिकाम्या डब्यात परक्यांच्या बॅगा गोळा करणारी बाई! सगळा फलाट हसला. मी पण हसले, पण आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण डबा रिकामा करा, असं भोंग्यावर तीनतीनदा सांगितलं होतं. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. बाय, मला ऐकूच येत नाही. तुझे बाबा गेले त्या वर्षी उजवा कान गेला, डावाही आता गेल्यातच जमा. तुम्ही मला एकटीला घराचा उंबरा पुन्हा ओलांडू देणार नाही, या भीतीने मी कोणाला बोलले नाही.

वत्सलाने डाव्या कानात ओरडून मला पुढचं सांगितलं. कॉलेजचा साईश नावाचा पोरगा म्हणत होता, आजींनी सूचना पाळली नाही, त्यांची नोंद काढून टाकू, नाहीतर निकाल बिघडतो. माझं डोकंच फिरलं. तडक त्यांच्या टेबलापाशी गेले आणि म्हटलं, "काढू नका. मी बहिरी आहे, तसं लिहा. आज मला नुसतं हसलात. उद्या खरोखरची वेळ आली तर माझ्यासारखीला चोर म्हणून फरफटत न्याल, नाहीतर डब्यात ठेवून जाल."

मला न्यायला आलेला गौरेश मागेच उभा होता. त्याचा चेहरा बघवेना.

रेल्वेच्या तेजस्विनी मॅडमनी साईशला काहीतरी सुनावलं. मग मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून मला दाखवलं: "आजी, नोंद राहणार. गुरुवारी पुन्हा याल?" आता दारावर दिवा लुकलुकणार आणि मराठीत पाटी झळकणार, ती चाचणी आहे. मी येते म्हटलं. शिवाय मये गावच्या महादेव भावजींनाही आणते म्हटलं. खाणीत मशीन चालवून त्यांचेही कान गेलेत, पण तेही कबूल करत नाहीत. त्यांना मी बघून घेते!

गौरेश मात्र हटून बसलाय. "आई, तूं एकटी खंय वचूं नाका," असं त्याने कागदावर लिहून दिलं. एकटीने कुठेच जायचं नाही, बारशालाही नाही, तो सुटी मिळेल तेव्हा नेईल म्हणे. त्याची काळजी मला कळते, मला वाईटही वाटतं. पण आज त्याचं ऐकलं, तर उरलेलं आयुष्य मी त्याच्या सुटीची वाट बघत बसेन. तो तुला फोन करणारच, म्हणून आधी मीच लिहिते आहे.

बारशासाठी तुझ्याकडे चिपळूणला यायचं तिकीट मी काढलंय, एकटीचं. स्टेशनांच्या पाट्या वाचता येतात मला, डोळे शाबूत आहेत. बाळाचं रडणं ऐकू येणार नाही, हे मनाशी धरूनच येते आहे. रडताना तिचं तोंड कसं होतं, ते तरी बघेन.

एवढंच कर. फलाटावर मागून हाक मारू नकोस, बाय. समोर येऊन उभी राहा.

येतेच,
तुझी आई
सुमंगला